महिला क्लबचं पहिलं वर्ष: पैसे आणि हात कशात घालावेत? (बेळगाव-खानापूर-निपाणी भाग)

दुसरं_रेल्वे_गेट

नमस्कार मंडळी. टिळकवाडी-हिंदवाडी भागातल्या बावीस जणींचा सेवा क्लब आहे. वर्ष १ जुलै ते ३० जून. वर्गणी आणि देणग्या मिळून हातात ६० हजार. सभेत तीन प्रस्ताव आलेत:

१. खानापूर तालुक्यातल्या एका गावात हिमोग्लोबिन तपासणी
२. रुग्णोपयोगी साहित्य केंद्र (वॉकर, व्हीलचेअर वगैरे वापरायला देणं)
३. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून बाजारात वाटणं

अर्ध्या जणी म्हणतात तिन्ही थोडं थोडं करूया. आठवणी आणि कौतुकं नकोत, माहिती हवी आहे. किती माणसं लागतात, किती सामान लागतं, नेमकं कुठे फसतं? फोटोपुरते उपक्रम सुचवू नका, ते आम्हाला न शिकवताच जमतात.

चहा_कमी_साखर

तिन्ही थोडं थोडं म्हणजे बॅनर तीन.

जांबोटी_घाट

पहिला प्रस्ताव असेल तर आधी तारीख बघा. तुमचं वर्ष जुलैत सुरू होतं, त्यामुळे नव्या अध्यक्षांना जुलैतच काहीतरी करायची घाई असते. त्या वेळी जांबोटी-कणकुंबीकडे धो धो पाऊस आणि रोप लावणी. घरात म्हातारी आणि मांजर सोडून कोणी नसतं. नोव्हेंबर-डिसेंबरात सुगी, मार्चपासून काजू. मोकळी खिडकी म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा.

दिवस ठरवताना गावात वार कुठला पाळतात ते पंचांना विचारा. त्या दिवशी शेतात कोणी जात नाही, बायका घरी सापडतात. बाजाराचा दिवस मात्र नको. वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्यांच्या परतीच्या बसची वेळ आधी काढा आणि शिबिर त्याच्या तासभर आधी संपवा. बस चुकेल या धाकाने रांगेतल्या बायका तपासणी न करताच उठतात, आणि उठतात त्या लांबून आलेल्याच.

कुंदा_आणि_मांडे

जुलैचं खूळ आलं कुठून पण?

चहा_कमी_साखर

रोटरीचं वर्ष जुलै ते जून, त्यांच्या घरच्या बायकांच्या इनर व्हील क्लबचंही तेच. इनर व्हीलची सुरुवात मार्गारेट गोल्डिंग यांनी १० जानेवारी १९२४ ला मँचेस्टरमध्ये केली. मँचेस्टरात जुलैत भात लावत नाहीत की वो.

(अवांतर: त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. १९२४ हे साल सभा भरवायला चांगलं असावं.)

लॅबवाली

हिमोग्लोबिनबद्दल सविस्तर लिहिते, कारण यात सोपं वाटणारंच चुकतं.

जागा: अंगणवाडी, शाळेचा व्हरांडा, पंचायतीचा हॉल, काहीही चालेल. देऊळ नको. पाळी चालू असलेल्या बायका देवळात येणार नाहीत, आणि जिच्या अंगावरून जास्त जातं तिचीच तपासणी आपल्याला हवी असते.

परवानगी: तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करायची, क्लबच्या सभासदाने हौसेने नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला बरोबर घ्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र कन्नडमध्ये द्या, तारखेच्या निदान तीन आठवडे आधी, आणि पोच घ्या. पत्रात गाव, वेळ, अंदाजे संख्या आणि ‘कचरा आपण न्यावा ही विनंती’ हे वाक्य हवंच.

वेळेचं गणित: बोट पुसण्यापासून आकडा लिहीपर्यंत माणशी चार मिनिटं धरा. हिमोग्लोबिन मोजायच्या एका मीटरवर तासाला १५, तीन तासांत ४५. शंभर बायकांसाठी दोन मीटर, दोन तंत्रज्ञ आणि साडेतीन तास, शिवाय एक मीटर पेटीत राखीव. शंभर जणींना मीटरमध्ये घालायच्या १२० पट्ट्या. वाया जाणाऱ्या धरायच्याच.

पट्ट्या: डबीतून एक काढली की लगेच झाकण. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या डबीतल्या पट्ट्या चुकीचे आकडे देतात. डबीवरचा कोड आणि मीटरमधला कोड जुळतो का ते बघा. नवी डबी फोडली की कोड-चिप बदलायची राहून जाते, आणि मग पुढच्या पन्नास बायकांचे आकडे बाद.

टोचणी: मधलं बोट किंवा अनामिका, तीही कडेला. बोटाच्या टोकावर मधोमध टोचलं तर जास्त दुखतं. हात गार असेल तर चोळून गरम करा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा, दुसरा घ्या. बोट पिळू नका. पिळलं की रक्तात उतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. कष्टाच्या हातांची कातडी जाड असते. बारीक सुई वरच्यावर टोचते, मग रक्त येत नाही म्हणून पिळापिळी सुरू. खोल जाणारी लॅन्सेट (टोचायची सुई) मागून घ्या.

कचरा: लॅन्सेट पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. गावच्या उकिरड्यावर एक लॅन्सेट सापडली तरी पुढच्या वर्षी त्या गावाचं नाव काढू नका.

आकडे: गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली म्हणजे कमी. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. गरोदर असेल तर सीमा ११, आणि ७ च्या खाली तीव्र. तीव्र निघालेली बाई ‘बघते उद्या’ म्हणून घरी जाता कामा नये. तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला एक गाडी आणि एक सभासद मोकळी ठेवा.

शंकेखोर

माहिती उत्तम. पण मोजल्याने हिमोग्लोबिन वाढतं का? शंभर जणींची बोटं टोचायची, आकडा कागदावर लिहून द्यायचा, केळं आणि बिस्किटाचा पुडा हातात ठेवायचा, बाई घरी. पुढे? माझं मत प्रस्ताव दोनला. वॉकर दिला की माणूस चालतो, डोळ्यांनी दिसतं.

लॅबवाली

@शंकेखोर, मुद्दा बरोबर, निष्कर्ष चूक. शिबिराचा दिवस हा शून्यावा दिवस धरायचा. खरं काम ३०, ६० आणि ९० व्या दिवशी. उपचार चालू असताना महिन्याला निदान १ ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. नाही दिसली तर कारणं ठरलेली: गोळ्या खाल्ल्याच नाहीत, चहाबरोबर खाल्ल्या, पोटात जंत, पाळीत जास्त जातं, किंवा दुखणं लोहाच्या कमतरतेचं नाहीच, दुसरं काही आहे. शेवटच्या दोन कारणांसाठी डॉक्टरच हवा.

गोळ्या क्लबने विकत घेऊ नका. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात, डोसही तिथले डॉक्टरच ठरवतात. तुमचं काम त्या पोटात जातील हे बघणं. गोळी सुरू केली की शौचाला काळं होतं, काहींना मळमळतं. हे शिबिरातच सांगितलं नाही तर आठवड्यात गोळ्या फडताळात. रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, मळमळ कमी होते. चहा-कॉफी तासभर आधी नको, तासभर नंतर नको. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती दुसऱ्या वेळेला. जंताची गोळी आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, शाळा-अंगणवाडीत मुलांना तेव्हा देतात.

तुम्ही बावीस जणी आहात. शंभर भागिले बावीस, प्रत्येकीच्या वाट्याला चार-पाच नावं. दर रविवारी एक फोन.

शंकेखोर

फोन नवऱ्याचा असतो, आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो.

लॅबवाली

म्हणूनच नोंदवहीत ‘फोन कोणाचा’ आणि ‘घरी कधी सापडतो’ असे दोन रकाने. शिवाय शेजारणीचा नंबर. वहीची एक प्रत आशाताईंकडे.

कुंदा_आणि_मांडे

केळं-बिस्किटावरून आठवलं. केळ्यात लोह नगण्य, बिस्किटात साखर आणि मैदा. द्यायचंच तर अळिवाचे लाडू द्या. माप: अळीव १०० ग्रॅम, ते भिजवायला एका-दोन नारळांचं पाणी, दोन मोठ्या नारळांचा चव, गूळ अर्धा किलोच्या आसपास. अळीव नारळपाण्यात तीन-चार तास भिजवा, चांगले फुगले पाहिजेत. मग सगळं एकत्र करून मंद आचेवर गोळा होईस्तोवर आटवा. लिंबाएवढे पस्तीस-चाळीस होतात. कमी भिजवले तर अळीव दाताखाली कचकचतात, जास्त आटवलं तर लाडू दगड. ओल्या खोबऱ्याचे असल्याने दोन दिवसांच्या वर ठेवू नका, उन्हाळ्यात एकच. गरोदर बायकांना मात्र देऊ नका, आपल्याकडे बाळंतिणीला देतात, गरोदरपणात नाही.

चहा_कमी_साखर

आयडी कुंदा आणि शिफारस अळिवाची. घोर कलियुग.

लॅबवाली

लाडू चांगला, पण लाडवाने ८ चं १२ होत नाही, हे त्याच टेबलावर सांगा. नाहीतर बायका गोळ्या सोडतात आणि लाडू करतात. पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगा, क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. हे बिनखर्चाचं.

कुबडी_ते_खाट

आता प्रस्ताव दोन. @शंकेखोर यांना ‘डोळ्यांनी दिसतं’ ते खरं, पण डोळ्याआड काय होतं तेही वाचा.

पहिल्या वर्षाची यादी: वॉकर ४ (त्यातला एक घडीचा), व्हीलचेअर २, कमोड खुर्ची २, कुबड्या ३ जोड, पाठटेकण २, हवेची गादी १. बेडपॅन आणि लघवीचं भांडं वापरून परत घेऊ नका, ज्याचं त्याने विकत घ्यावं. ऑक्सिजन काँसन्ट्रेटर पहिल्या वर्षी बिलकूल नको. डॉक्टरची चिठ्ठी, फिल्टरची धुलाई, वीज गेल्यावरची सोय, सगळी जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.

वॉकर: उंची बरोबर नसेल तर माणूस वाकून चालतो आणि पडतो. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी येते त्या उंचीला मूठ हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. चारी पायांच्या खटक्या एकाच भोकात बसल्यात का ते मोजून बघा. खालची रबरी बुचं झिजली की शहाबादी फरशीवर वॉकर सरकतो. दर वेळी परत आला की बुचं उलटी करून बघा, पत्र्याची कड दिसायला लागली की बदला. बुचं पाइपच्या बाहेरच्या मापाची घ्या आणि वीस-पंचवीस एकदम आणून ठेवा.

व्हीलचेअर: देण्याआधी घरच्या दरवाजांचं माप मागा. प्रौढांच्या नेहमीच्या खुर्चीची बाहेरून रुंदी २५-२६ इंच. बाथरूमचा दरवाजा बहुतेक ठिकाणी २४ इंच. मग खुर्ची दाराशी आणि माणूस उचलून आत. अशा घराला व्हीलचेअरपेक्षा कमोड खुर्ची उपयोगी. शहापूरच्या जुन्या घरांत उंबरा चार-सहा इंच असतो, तिथे लाकडी उतार लागतो. उताराची लांबी चढाच्या निदान आठ-दहा पट धरा, नाहीतर ढकलणारी बाई दमते आणि खुर्ची मागे येते. ब्रेक टायरला घट्ट टेकतो का हे हवा भरल्यावरच तपासा. हवा कमी असली की ब्रेक लागल्यासारखा वाटतो, लागत नाही.

हवेची गादी: पंप पायाकडे टांगायचा. वरून एकच पातळ चादर. वर कापसाची गादी घातली तर हवेच्या गादीचा उपयोग शून्य. पेशंटच्या माकडहाडाखाली गादीच्या खाली तळहात घालून बघा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी. हेस्कॉमची वीज गेली की हवा उतरत जाते, तेव्हा दर दोन तासांनी कुशीवर वळवणं चालूच ठेवायचं. ते गादी असतानाही चालूच ठेवायचं असतं, पण गादी आली म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि पाठीला जखमा होतात. हे वाक्य अर्जावर छापा. साडीच्या पिना गादीजवळ नकोत.

धुणं: परत आलेलं सामान आधी साबणपाण्याने, मग जंतुनाशकाने. बाजारात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळतं, त्याचा एक भाग आणि पाणी चार भाग म्हणजे १ टक्का. दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने पुसून काढा, नाहीतर लोखंड गंजतं. फिनेल किंवा संडास धुवायच्या अॅसिडबरोबर मिसळू नका, विषारी वायू होतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

जांबोटी_घाट

यादीत खाट का नाही? डोक्याकडून वर होणारी खाट हीच सगळ्यात जास्त मागतात.

कुबडी_ते_खाट

मागतात, म्हणूनच दुसऱ्या वर्षी. खाट साडेसहा फूट, न्यायला टेम्पो आणि चार माणसं, जिन्याच्या वळणावर अडकते, ठेवायला खोली लागते. हँडलच्या स्क्रूला ग्रीस नसेल तर पावसाळ्यात जाम. एक खाट घेतली की मागणी दहांची, आणि नऊ जणांना नाही म्हणायचं तेही क्लबनेच. पाठटेकण घरच्या खाटेवर ठेवलं की निम्मं काम भागतं.

जांबोटी_घाट

पटलं नाही. अर्धांगाच्या पेशंटला पाठटेकणावर बसवलं की तो खाली घसरतो.

कुबडी_ते_खाट

घसरतो. गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर ठेवली की कमी घसरतो. पण मान्य, खाटेला पूर्ण पर्याय नाही.

दुसरं_रेल्वे_गेट

वाचतेय सगळ्यांचं. डिपॉझिट किती ठेवावं? आमच्यातल्या काही जणी म्हणतात गरिबांकडून काही घेऊच नये.

कुबडी_ते_खाट

डिपॉझिट वस्तूच्या किमतीच्या निम्मं, परत मिळणारं. भाडं नाममात्र किंवा शून्य. गरिबाला डिपॉझिट माफ करायचं तर दोन सभासदांच्या सहीने, आणि ओळखीचा एक हमीदार. पूर्ण फुकट दिलं की वस्तू माळ्यावर जाते. मुदत तीन महिने, पुढे डॉक्टरच्या चिठ्ठीवर वाढवून.

नाजूक गोष्ट म्हणजे पेशंट दगावला तर. सामान परत मागायला दहाव्या-बाराव्याच्या आत फोन करू नका. चौदाव्या दिवसानंतर करा. घरच्यांना ती वस्तू डोळ्यांसमोर नकोच असते, पण आणून द्यायचं त्राण नसतं. तुम्हीच रिक्षा पाठवा. आणि वस्तूंना फक्त नंबर द्या, आधी कुणाकडे होती ते पुढच्या घराला सांगायचं नाही. ‘मयताची खुर्ची’ म्हणून नाकारणारे भरपूर असतात.

चंदगडी

आम्ही सीमेपलीकडचे, दवाखान्याला मात्र बेळगावातच. साहित्य केंद्र काढाल तर पत्त्याचा पुरावा ‘कर्नाटकचाच’ असं लिहू नका. चंदगड, गडहिंग्लजचे पेशंट बेळगावातच अॅडमिट असतात. डिपॉझिट घ्या, बेळगावातला एक हमीदार घ्या, झालं.

शिबिर सीमेजवळच्या गावात घेणार असाल तर बसचं गणित वेगळं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट, पण ओळखपत्र कर्नाटकचं आणि प्रवास राज्याच्या हद्दीतच. आंतरराज्य बसला चालत नाही. आमच्याकडे मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट. म्हणजे एकाच शिबिराला येताना एकीला शून्य आणि शेजारच्या गावातलीला तिकीट. जेवणाऐवजी बसभाडं दिलंत तर जास्त येतील.

आणि कमी हिमोग्लोबिन निघालेली बाई महाराष्ट्रातली असेल तर तिची चिठ्ठी तिकडच्या आरोग्य केंद्राच्या नावाने करा. खानापूरची आशा कोवाडला जाणार नाही.

हिशेबनीस

कुणी काढलं नाही म्हणून कंटाळवाणा विषय मी काढतो.

नोंदणी नसेल तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली करा. किमान सात सभासद लागतात. दर वर्षी सर्वसाधारण सभा, कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला हिशेब निबंधकांकडे. एक वर्ष चुकलं की पुढे दंड आणि खेटे.

तुमचं वर्ष जुलै ते जून, आयकराचं एप्रिल ते मार्च. म्हणजे एका आर्थिक वर्षात दोन खजिनदार. बदली झाली की ३० जूनची रोख, बँकेचं शिल्लक आणि पावतीपुस्तकाचा शेवटचा नंबर, तिन्ही दोघींच्या सहीने लिहून घ्या. भांडणं इथेच होतात. बँकेत तिघींच्या सह्या, त्यातल्या कोणत्याही दोन.

देणगीदाराला आयकरातली ८०जी ची सवलत द्यायची तर संस्थेला वेगळी मान्यता लागते. ती असली तरी २००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. परदेशातून पैसे येणार असतील तर थांबा. भारतीय नागरिक तिकडे नोकरी करून स्वतःच्या कमाईतून पाठवत असेल तर ती परकीय देणगी नव्हे. पासपोर्ट परदेशी झाला असेल, अगदी तुमची सख्खी नणंद का असेना, तर एफसीआरए ची (परकीय देणगी कायद्याची) परवानगी नसताना घेता येत नाही.

साहित्य केंद्राचं डिपॉझिट हे उत्पन्न नाही, देणं आहे. ते वेगळ्या खात्यात ठेवा. वापरून टाकलंत तर मार्चमध्ये वॉकर परत येईल आणि द्यायला पैसे नसतील.

चहा_कमी_साखर

बॅनरचा मुद्दा सोडू नका! कर्नाटकात फ्लेक्स २०१६ पासून बंद आहे. कापडी करा. नावाच्या फलकावर वरच्या बाजूला निदान ६० टक्के जागेत कन्नड, खाली मराठी. केंद्राला कायमचा फलक लावणार असाल तर रंगाऱ्याला आधीच माप द्या. आणि बॅनरवर साल घालू नका, पुढच्या वर्षी तोच चालतो. अध्यक्षांचं नावही घालू नका, पण हे तुम्हाला जमणार नाही.

शिवणयंत्र

प्रस्ताव तीनला कोणी विचारेना म्हणून.

साधी साडी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच, पन्हा ४४-४५. पिशवीचा तुकडा ३६ इंच लांब, १५ रुंद. पन्ह्यात तीन बसतात. लांबीत चार ओळी काढल्या, १४४ इंचांत १२ पिशव्या. पुढच्या ३६ इंचांत तीन इंच रुंद, बावीस लांब अशा पट्ट्या काढा, २४ बंद होतात, म्हणजे बारा पिशव्यांचे बरोबर. उरलेले ३६ इंच विरलेल्या भागासाठी सोडलेत, कारण जुन्या साडीत निऱ्यांचा भाग आणि फॉलची कड गेलेली असतेच.

तुकडा मधोमध दुमडायचा, तळाला शिवण येत नाही. तळाला शिवण असली की पिशवी तिथेच फाटते. बाजूला आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर शिलाई, मग उलटून आत घेऊन दुसरी. इंटरलॉक लागत नाही, धागे सुटत नाहीत. वरचा दुमड दीड इंचाचा. बंद त्या दुमडात घालून चौकोन शिवा आणि चौकोनात फुली मारा. नुसती आडवी टीप घातली तर बटाटे घेतल्यावर बंद उपटतो. तयार पिशवीत पाच किलो तांदूळ घालून दहा मिनिटं खुंटीला टांगा. दर डझनाला एक अशी तपासा.

जॉर्जेट-शिफॉन घेऊ नका, यंत्राखाली सरकतं. जुन्या सुती इरकल साड्या दिसायला सुंदर, पण अंगठ्यांनी ताणून बघा, घडीवर फाटत असेल तर ती पिशवीची नव्हे, गोधडीची.

शंकेखोर

फुकट वाटलेली पिशवी दुसऱ्या दिवशी घरी राहते आणि बाई पुन्हा प्लास्टिकची मागते. वाटू नका. गणपत गल्लीतल्या चार भाजीवाल्यांकडे ठेवा, दहा रुपये डिपॉझिट, परत दिली की दहा रुपये परत.

शिवणयंत्र

+१. आणि धुवायचं काम कुणाचं ते आधी ठरवा, नाहीतर कोथिंबिरीचा चिखल लागलेल्या पिशव्यांचा ढीग तुमच्या दारात.

निपाणी_बसस्टँड

आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका खूप. त्यांचं काम हजाराच्या हिशेबावर. सकाळी शिबिर ठेवलं की तेवढ्या विड्या बुडतात, म्हणून येत नाहीत. विड्या जमा करून झाल्यावरची वेळ त्यांनाच विचारून धरा. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर हिमोग्लोबिनच्या टेबलावरच क्षयासाठी बेडक्याची तपासणी लिहून द्या. त्यासाठी एक रकाना पुरतो.

रक्तदान शिबिर का नाही सुचवलं कोणी?

लॅबवाली

कारण बायकांच्या क्लबने घेतलेल्या रक्तदानात बऱ्याच जणी टेबलावरून परत जातात आणि हिरमुसतात. रक्तदानाला हिमोग्लोबिन १२.५ हवं, वजन निदान ४५ किलो, वय १८ ते ६५. बायकांना दोन रक्तदानांत १२० दिवसांचं अंतर, पुरुषांना ९०. पाळी चालू असेल, गरोदर असेल, बाळ अंगावर पीत असेल तर नाही. आधी वर्षभर हिमोग्लोबिनचं काम करा, मग रक्तदान घ्या. उलटा क्रम नको.

दुसरं_रेल्वे_गेट

सगळ्यांचे आभार. रविवारच्या सभेपुढे हे ठेवते, चुकत असेल तर आत्ताच सांगा:

– साहित्य केंद्र ऑगस्टपासून, वरच्या यादीप्रमाणे, खाट वगळून. ३५ हजार. बुचं, हायपोक्लोराइट, वह्या यात धरून.
– हिमोग्लोबिन एकच गाव, जानेवारीत. नंतर फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमध्ये त्याच बायकांची पुन्हा तपासणी. १५ हजार.
– १० हजार हात न लावता शिल्लक.
– पिशव्या: पैसे नाहीत, फक्त हात. संक्रांतीचं वाण म्हणून त्याच गावात द्यायच्या. हिमोग्लोबिनचा कार्यक्रम हळदीकुंकवालाच जोडावा असा विचार आहे, गर्दी आपोआप होईल.

जांबोटी_घाट

हळदीकुंकू म्हणालात की विधवा घरात बसणार. आणि एकटीने शेत ओढणारी, उरलंसुरलं खाणारी तीच. आमंत्रणात फक्त ‘तिळगूळ आणि तपासणी’ लिहा. आशाताईंना सांगा, विधवांच्या घरी स्वतः जाऊन बोलवा. पिशवी सगळ्यांना.

लॅबवाली

अनुमोदन. आणि पट्ट्यांचा हिशेब परत करा. १२० मध्ये फक्त पहिला दिवस होतो. कमी निघालेल्यांच्या तीन फेरतपासण्या धरल्या तर पट्ट्या दुपटीहून जास्त लागतील. एकदम घेऊ नका, मुदत संपते. फेब्रुवारीच्या आधी दुसरी खरेदी. १५ हजारांत बसत नसेल तर बायका ७० करा, फेऱ्या कमी करू नका.

हिशेबनीस

शिल्लक १० हजारांतून बॅनर काढू नका म्हणजे झालं.

चहा_कमी_साखर

निषेध.

दुसरं_रेल्वे_गेट

बायका ७०, आमंत्रणात हळदीकुंकू नाही. नोंद केली. @कुबडी_ते_खाट, दरवाजाचं माप चौकटीच्या आतून घ्यायचं की फळीचं?

कुबडी_ते_खाट

दार पूर्ण उघडून, उघडलेल्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत. बिजागरीमुळे फळी तिथे इंच-दीड इंच खाते. आणि बाथरूमच्या आत खुर्ची वळायला जागा आहे का तेही विचारा. बऱ्याच घरी दाराआड वॉशिंग मशीन असतं.